माझा पापड वाकडा होत नाही

माझ्या हातचा पापड कधी वाकडा होत नाही, आणि आमच्या घरावर आलेल्या संकटाचं कारण नेमकं तेवढंच होतं.

ही बढाई समजू नका. नंदुरबारात आमच्या गल्लीत येऊन कोणालाही विचारा. चैत्र लागला की गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर खाटा चढतात, खाटांवर जुन्या साड्या पसरल्या जातात, आणि प्रत्येक बाई आपलं वाळवण घालता घालता दुसरीच्या वाळवणावर डोळा ठेवून असते. कोणाची कुरडई काळी पडली, कोणाच्या शेवया तुटल्या, हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला पाठ झालेलं असतं. माझा पापड आरशासारखा सपाट. शेजारच्या लताबाईंचा मात्र ऊन लागलं की चारी बाजूंनी उठून बसतो. त्यांच्या पापडात चहा ओतून पिता येईल, असं मी एकदा म्हणाले होते. (एकदा म्हणजे दर उन्हाळ्यात एकदा.)

सपाट पापडाचं रहस्य काही नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. येता-जाता उलटायचा, कड दाबायची, थोपटायचा. माझी आई सांगायची, "पापड आन पोर, दोन्हीवर हात ठेवना पडस." पापडाच्या बाबतीत मी ते तंतोतंत पाळलं. पोरीच्या बाबतीत मात्र मी बंड केलं आणि तनूला पुण्याला पाठवलं.

तनू म्हणजे आमची एकुलती एक. ती पुण्यात ॲनिमेशन शिकते. ती जाणार हे कळलं तेव्हा माझे जेठ, म्हणजे यांचे थोरले भाऊ नाना, पुरुषोत्तमनगरहून तातडीने आले. आमच्याकडे जेठ आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. मी डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राहते, आणि नाना माठाकडे पाहून बोलतात. त्या दिवशीही ते माठाला म्हणाले, "कार्टून शिकाले पुना? आठे घरमा काय कमी शेत?"

मी दाराआडून पंख्याला सांगितलं, "पोर जाईच."

माझ्या संसारातला तो एकमेव पराक्रम. त्यामुळे दोन वर्षांनी, ऐन वैशाखात, तनू तोंड पाडून घरी आली तेव्हा मला आधी नानाच आठवले. तिने वर्षाच्या शेवटी केलेली फिल्म सरांनी परत पाठवली होती. "यात तुझं काय आहे?" एवढंच विचारलं म्हणे. आता सोमवारी दुपारपर्यंत दुसरी फिल्म गेली नाही, तर वर्ष गेलं.

ही बातमी पुरुषोत्तमनगरला कशी पोचली देव जाणे, पण नानांचा यांना फोन आलाच. "वरीस गयं ते गयं. बी.एड.ले टाकी देसूत. मास्तरीन व्हई जाई, गुपचूप." तनूने ते ऐकलं. ती उठून गच्चीवर जाऊन बसली. गच्चीवर माझं वाळवण होतं. तासाभराने ती धावत खाली आली.

"आई! मला पापड दे."

"भाजू का तळू?"

"कच्चे! मी पापडांची फिल्म करणार!"

पुण्याला गेल्यापासून ती आमच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलते. आम्ही आपले अहिराणीतच. तिने मला समजावून सांगितलं. पापड ठेवायचा, फोटो काढायचा. पापड जरासा सरकवायचा, पुन्हा फोटो. असे शेकडो फोटो भराभर पळवले की पापड चालतो.

"चालीसन कोठे जास?" मी विचारलं.

"लग्नाला! नागलीचा पापड नवरदेव, तांदळाची पापडी नवरी. कुरडया म्हणजे अंबाडे घातलेल्या वऱ्हाडणी. आणि लाल मिरच्या म्हणजे बँडवाले. सगळं संगीतावर. एक शब्दही नाही. प्रयोग आहे हा, आई."

(लग्नात एक शब्दही नाही! ज्याने आमच्याकडचं एक तरी लग्न पाहिलंय त्याला हा प्रयोग किती धाडसी होता ते कळेल.)

"आन शेवट?"

"शेवटी वरात निघून जाते. दोघंच उन्हात उरतात. हळूहळू त्यांच्या कडा वर येतात, दोघं उठतात आणि एकमेकांकडे झुकतात. संपलं."

"झुकतस म्हणजे?"

तनू जरा घुटमळली. "म्हणजे... वाकडे होतात."

"मन्हा पापड?"

यांनी चहाची बशी खाली ठेवली. हे कमी बोलतात. यांचं पंप आणि मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान आहे. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळणाऱ्या माणसाला बोलायला सवड कुठली? पण तेही म्हणाले, "सुनंदा, पोरनं वरीस शे."

"लोके काय म्हनतीन? सिनेमामा सुनंदाना पापड वाकडा!"

"पापडवर नाव नही ऱ्हास," हे म्हणाले.

राजा हरिश्चंद्राने राज्य दिलं, मी पापड दिला.

त्या दिवसापासून आमच्या गच्चीचा स्टुडिओ झाला. मोबाइल खाटेच्या बरोबर वर टांगायला यांनी दुकानातून जुन्या पंख्याची दांडी आणि पंपाची लोखंडी बैठक आणली आणि असा स्टँड बनवला की त्याला म्हैस बांधली असती तरी हलला नसता. सकाळी सावल्या ठीक असायच्या तेवढ्या वेळात तनू गुडघ्यांवर बसून एकेक मिरची नखाएवढी सरकवायची, हे फोटोचं बटण दाबायचे, आणि मी दोघांवर छत्री धरायची. वरात खाटेच्या एका टोकाहून निघाली ती सकाळभरात वीतभर पुढे गेली. (खरी वरातही आमच्या चौकात तेवढाच वेळ लावते, हे कबूल केलं पाहिजे.)

एका सकाळी यांनी बँडवाल्या मिरच्या हाताळल्या आणि त्याच हाताने डोळा चोळला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. हे "ओ माय वं!" म्हणून ओरडले, मागोमाग अशी शिंक आली की सगळं वऱ्हाड उडालं. कुरडया कोपऱ्यात, बँड गटारीत, आणि नवरदेव थेट लताबाईंच्या गच्चीवर! तनूने दुसरा नवरदेव उभा केला. कोणाच्या लक्षात आलं नाही. नागलीचे नवरदेव सगळे सारखेच दिसतात.

आता राहिलं संगीत. मागच्या गल्लीत यासीनभाई राहतात. त्यांचा बँड एके काळी नवापूरपासून शहाद्यापर्यंत वाजायचा. आता लग्नात डीजे येतो आणि यासीनभाईंची क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळलेली असते. तनूने विचारलं तेव्हा म्हातारा इतका खूश झाला की काय वाजवायचं हेही त्यानेच ठरवलं. "बेटा, वरातनं गानं नही वाजाडसू. वरात पोचाडीसन आम्ही पायी पायी घर येतस ना, तव्हय मी एकलाच एक सूर वाजाडस. तो आजलोंग कोनी ऐका नही. तो तुले दी देस."

शनिवारी दुपारी ते गच्चीवर आले. लाल कोट, पितळी बटणं, खांद्यावर झालरी, डोक्यावर तुरा! वैशाखातलं नंदुरबारचं ऊन, आणि हा थाट.

मी म्हणाले, "यासीनभाई, नुसता आवाज भराना शे. फोटो नही."

"भाभी, बिगर डरेसना सूर लागत नही. आदत शे."

त्यांनी क्लॅरिनेट तोंडाला लावली. सूर असा काही निघाला की माझ्या हातातली छत्री खाली आली. पण पुरतं गहिवरायला वेळच मिळाला नाही, कारण गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. तुम्हीच विचार करा. घरात वाळवण जोरात चाललंय, लग्नाच्या वयाची पोर पुण्याहून आलीये, आणि गच्चीवर लाल कोटातला बँडवाला वाजवतोय. आमच्याकडे याचा दुसरा अर्थच होत नाही! खाली कोणीतरी शिट्टी मारली. भाजीची हातगाडी थांबली. दोन बायका पदर खोचून नाचायलाही लागल्या.

लताबाई जिना चढून वर आल्या. चेहरा असा की मी त्यांचं घर जाळलंय.

"ताई, इतली जुनी शेजारीन मी. तनूनी हळद शे, आन माले सांगं बी नही?"

"अवं, तनूनं लगीन नही शे! पापडनं शे!"

लताबाईंनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं आणि त्या खाली गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत पक्कं झालं, की सुनंदाताई पापडाचं लगीन म्हणून विषय टाळतात, त्या अर्थी तनूचं लव्ह म्यारेज आहे. रात्रीच्या आत एका घरून आहेर म्हणून कुकर आला. मी परत केला. त्यावर "बहुतेक मोठा जोयजे व्हता", म्हणजे मोठा हवा होता, अशी चर्चा झाली.

त्या शिट्ट्या आणि टाळ्या सगळ्या क्लॅरिनेटसोबत भरल्या गेल्या होत्या, म्हणून रविवारी पुन्हा आवाज भरणं आलं. रविवारी फिल्मचा शेवटचा तुकडाही घ्यायचा होता: नवरा-नवरी उन्हात उठतात तो. म्हणजे एकाच दुपारी दोन्ही कामं. सोमवार दारात उभा. तनूने खाटेवर लाल साडी अंथरली, ताजा ओला नवरदेव आणि ताजी ओली नवरी शेजारी ठेवली, नवरीला कुंकवाचा ठिपका लावला. मोबाइल असा लावला की दर दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघावा.

"आई, मी यासीनभाईंकडे जाते. त्यांनी आतल्या खोलीत गोधड्या टांगल्यात, तिथे शांत आहे. तू इथे बस. माणूस, कावळा, खार, कोणालाही यांना हात लावू द्यायचा नाही. ही दुपार गेली तर सगळं गेलं. कळलं?"

"कानबाईनी आन. मी जागावरथीन उठावू नही."

आणि मी उठले नाही! कानबाई म्हणजे आमची खानदेशची देवी, तिची शपथ कोण मोडणार? डोक्यावर ओला पंचा, हातात काठी, खाटेला चिकटून बसले. डोळ्यांत तेल घालून बसले. एक कावळा आला, त्याला हाकललं. खार आली, तिला हाकललं. मग लताबाई आल्या. त्यांना हाकलता येईना.

"ताई, पोऱ्या काय करस?"

"कोना पोऱ्या?"

"जवाई."

मी त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला लागले. स्टॉप मोशन म्हणजे काय, प्रयोग म्हणजे काय. त्या मान डोलवायच्या आणि शेवटी विचारायच्या, "ते सगळं बरोबर शे, पन पोऱ्या काय करस?" असा अर्धा तास गेला असेल, तोच खाली मोटरसायकल थांबली आणि जिन्यात खाकरण्याचा आवाज आला. नाना!

नानांना पुरुषोत्तमनगरात खबर मिळाली होती की पुतणीचं लग्न ठरलं, बँड वाजला, आहेर फिरले, आणि थोरल्या काकाला कळवलंसुद्धा नाही. एवढ्या उन्हात ते प्रकाशा गावावरून गाडी दामटत आले होते. मी घाईने पदर ओढला. गच्चीवर माठ नव्हता. नाना पाण्याच्या टाकीसमोर उभे राहिले आणि टाकीला म्हणाले, "भाऊबंदले न इचारता लगीन ठरस! मी मरी गऊ का?"

मी कठड्यावरच्या कावळ्याला सांगितलं, "लगीन नही शे म्हना."

"मंग बँड कसाना वाजना?" नाना टाकीवर ओरडले.

"पापडना!"

"देखं? आते टिंगल बी करस मन्ही!"

हे धावत वर आले. मग मी कावळ्याला, नाना टाकीला, लताबाई दोघांनाही आणि हे कोणालाच नाही, असं आमचं जे काही सुरू झालं ते ऊन कलेपर्यंत. नानांनी जुनं उकरलं. पोरीला पुण्याला पाठवलंत तेव्हाच मी सांगितलं होतं, पोर हाताबाहेर गेली, वगैरे. मीही काही कमी नाही. पण एक सांगते, एवढं भांडण झालं तरी मी खाटेजवळून तसूभर हलले नाही. शपथ ती शपथ.

तनू आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. सूर छान मिळाला होता. ती थेट खाटेशी आली, वाकली, आणि तशीच राहिली.

"आई, हे उठले नाहीत?"

मी पाहिलं. नवरा-नवरी ठेवल्यासारखे सपाट. खरं सांगते, पोरीच्या जिवावर बेतलेलं असतानाही मला आतून जरा अभिमान वाटला. "मन्हा हातना शेत," मी म्हणाले. "उनले बी ऐकतस नही."

तिने नवरीला बोट लावलं. "हिचं कुंकू कुठाय?" तिने पापडी उलटली. ठिपका खालच्या बाजूला होता. "उलटलीये कोणीतरी हिला! कोणी हात लावला?"

माझं रक्त उसळलं. मी लताबाईंकडे वळले. "तूच व्हती आठे!"

"मी? मी कसाले हात लावू?"

"तुन्हा वाकडा व्हतस ना! मन्हा सरळ राहू नहीत म्हणीसन!" (यात तर्क बसत नाही, हे मला आता लिहिताना कळतंय.) मग मी टाकीकडे एक जळजळीत नजर टाकली आणि कावळ्याला म्हणाले, "काही लोके पोरनं वरीस बुडावालेच येल व्हतात."

"मी?" नाना टाकीवर हात आपटून म्हणाले.

तनू मात्र कोणावरच ओरडली नाही. ती खाटेशेजारी खाली बसली. तिची पुण्याची भाषा कुठे गेली कोण जाणे. लहानपणी पडल्यावर म्हणायची तशी म्हणाली, "मन्हं वरीस गयं वं माय."

ऊन उतरलं होतं. दुसरा पापड लाटून तो उठायला दुसरा दिवस लागणार होता, आणि तो दिवस तिच्याकडे नव्हता. भांडून मिळवलेला माझा एकुलता एक पराक्रम माझ्या डोळ्यांसमोर जमिनीवर बसून रडत होता, आणि मला काही करता येत नव्हतं.

तेव्हा हे बोलले. "फोटो काढेल शेत ना? मंग चोर दिसीच."

एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणालाही सुचली नव्हती. आम्ही सगळे खाली आलो. तनूने टेबलावर लॅपटॉप ठेवला, नाना माठाशेजारच्या खुर्चीवर बसले, लताबाई दारात. मी मात्र अगदी पुढे, लॅपटॉपला नाक लावून. "आते समजी!" मी म्हणाले. कानबाईची शपथ मी पाळली होती; भीती ती चोराला.

तनूने फोटो पळवले आणि नुकताच भरलेला सूर त्यांच्याखाली लावला. लाल साडीवर दोघं शेजारी पडलेले. क्लॅरिनेट हळू सुरू झाली. पापडीची एक कड थरथरत वर आली. मग नागलीचीही आली. दोघं उठू लागले, एकमेकांकडे वळू लागले. किती गोड दिसत होतं! सूर वर चढला.

आणि एक हात आला.

हिरव्या बांगड्या, मनगटावर गोंदणाचे तीन ठिपके. त्याने पापडी उचलली, फटकन उलटली, कड दाबली, दोनदा थोपटली आणि नाहीसा झाला.

"हाई कोन शे वं?" मी संतापून विचारलं.

सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. मीही पाहिलं. टेबलावरच्या प्लॅस्टिकचा एक कोपरा वर आला होता, आणि माझा हिरव्या बांगड्यांचा हात तो दाबून दाबून सपाट करत होता.

धरणीमाते, पोटात घे, असं लोक का म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. पण सिनेमा थांबला नव्हता. पडद्यावर दोघं पुन्हा उठायला लागले. सूर चढला की हात यायचा. खार हाकलून आला, लताबाईंना स्टॉप मोशन समजावता समजावता आला, पदर सावरता सावरता आला. एकदा नवरीने घाई केली, ती एकटीच भर्रकन उठून नवऱ्याच्या अंगावर झुकली, तर हात असा काही कोसळला की लताबाईंनी डोळे झाकून घेतले.

आणि तेव्हा नाना खुर्चीतून अर्धे उठले. माठाकडे नाही, पंख्याकडे नाही, थेट माझ्याकडे पाहून ओरडले, "अवं, उठू दे ना वं त्यासले!"

माझ्या लग्नानंतर जेठांनी माझ्याशी समोरासमोर बोललेलं ते पहिलं वाक्य. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तनूकडे पाहिलं. मग ते सावकाश खाली बसले आणि पुन्हा माठाकडे बघू लागले.

शेवटी शेवटी, म्हणजे वर आमचं भांडण अगदी रंगात आलं होतं तेव्हा, हात आला तो गेलाच नाही. दोघांना शेजारी नीट सरळ ठेवून त्यांच्यावर पसरून राहिला. फोटोमागून फोटो तसाच. खाली यासीनभाईंचा तो घरी जातानाचा सूर हळूहळू लांब गेला आणि संपला.

"तनू, मन्हं चुकनं वं," मी म्हणाले.

तनूचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. तिने तोंड वर केलं, तर हसतेय! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतेय. "आई, हीच फिल्म आहे! मी उगाच दोघांना उठवत बसले होते!" मग हे हसले, लताबाई हसल्या, आणि शेवटी माठाच्या दिशेनेही खो-खो आवाज आला.

सोमवारी फिल्म गेली. तनू पास झाली. सरांनी कळवलं, "आता कळलं, यात तुझं काय आहे." फिल्मच्या शेवटी नावं येतात. संगीत: यासीनभाई. कॅमेरा स्टँड: बाबा. खलनायिका: आई. नाना पुरुषोत्तमनगरात दिसेल त्याला मोबाइलवर ती दाखवतात आणि माझा हात आला की "हाई मन्ही भावजई" असं अभिमानाने सांगतात. बी.एड.चं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. लताबाईंना मात्र तनूचं लग्न झालेलं आहे असंच अजून वाटतं.

आता या उन्हाळ्यात तनू दुसरी फिल्म करतेय. तिचा फोन आला, "आई, पापड हवेत."

मी लगेच पोळपाट काढला.

"नको, नको! तुझे नको. लताकाकूंचे पाठव. त्यांचे आपोआप उठतात."

मी पोळपाट परत जागेवर ठेवला. शेवटी लताबाईंचे ते चहाच्या कपासारखे पापड कापसात ठेवून डब्यात भरले, आणि आम्ही दोघं पुण्याच्या बसमध्ये बसलो. डबा माझ्या शेजारच्या सीटवर. नंदुरबारपासून पुण्यापर्यंत यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता, क्षणभरही सोडला नाही. धुळ्याला एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "या वयात केवढं प्रेम!" मी लाजून मान खाली घातली. तनूने यांना फोनवर काय बजावलं होतं, ते त्या बाईंना कशाला सांगू?